आत्यांच्या हातातला गळ

काल दुपारी कावेरीला पाणी आलं.

आमच्या कुंभकोणमला नदी पावसाचा हात धरून येत नाही. इथे आभाळ कोरडं असतं, गच्चीवरच्या सांडग्या-पापडांना कडकडीत ऊन लागत असतं, आणि नदी मात्र येते. पाऊस पडलेला असतो तिकडे दूर, कुर्गच्या डोंगरांत. मग धरण भरतं, त्याची दारं उघडतात, आणि पाणी वाळूवरून चालत चालत काही दिवसांनी आमच्या मेलकावेरी भागात पोचतं. चालत म्हणते ते अगदी खरं. पाण्याची पहिली जीभ माणसाच्या चालीनंच येते. तिच्या पुढे फेस, वाळकी पानं, झावळ्यांचे तुकडे, कुणाच्या तरी देवाचे जुने हार. आणि त्या सगळ्याच्या आधी येतो तो वास. उन्हाळाभर तापलेल्या वाळूनं पहिला घोट घेतल्याचा वास. आमच्या गल्लीच्या टोकाला नदीच्या दगडी पायऱ्या आहेत, त्यांना इथे ‘पडित्तुरै’ म्हणतात. त्या वासानं माणसं घराबाहेर येतात आणि पायऱ्यांवर जाऊन उभी राहतात. बायका हळदकुंकू वाहतात, पोरं मोबाइल वर धरतात, म्हातारे नुसते बघतात.

दरवर्षी मीही जाते. आणि दरवर्षी त्या पायऱ्यांवर मला आत्या दिसतात, त्या स्वयंपाकघरात असल्या तरी. डोक्यावर पदर, बाजूला काळी छत्री, हातात बांबूची काठी. ज्या एका मोसमात त्या तिथे बसल्या, तो मोसम माझ्या मनातून जात नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. इथल्या मराठी घरांत सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. या घराण्याचे पूर्वज तंजावरच्या दरबारात चाकरीला होते म्हणे. आता मामा पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतात, म्हणजे करायचे. पापनाशमला त्यांचं दुकान होतं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, तांब्याच्या तारा गुंडाळायच्या, दुपार कलली की परत. आणि नदीला पाणी असेल तर स्टेशनवरून घरी न येता थेट पायऱ्यांवर, गळ टाकायला.

मी वेंगुर्ल्याची. प्रतापची आणि माझी गाठ पुण्याला नोकरीत पडली. लग्नानंतर पुण्यातलं काम लॅपटॉपवर घेऊन आम्ही इथे आलो. पहिल्या दिवशी आत्यांनी विचारलं, “जेवण जालें कीं नाहीं?” आणि मी चमकून वर पाहिलं. ‘जालें’, ‘कोठें’, ‘मज’, ‘तुज’. आमच्याकडे जी भाषा देवळातल्या पोथीत असते, ती इथे कांदे चिरताना बोलली जात होती. दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ, उंबऱ्याच्या आत आलं की ही.

माशांच्या बाबतीत मात्र मी नाक वर करूनच आले होते. समुद्राकाठच्या माणसाला गोडं पाणी म्हणजे चिखल वाटतो. त्यातून मामांचे मासे पाळीव. मत्स्यखात्याची गाडी दरवर्षी पायऱ्यांपाशी यायची, पाण्यानं फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उतरायच्या, आणि त्यातून बोटाएवढी पिल्लं नदीत सोडली जायची. कटला, रोहू, मृगळ. ती वरच्या बंधाऱ्यांच्या डोहांत वाढायची आणि पुढच्या वर्षीच्या पाण्याबरोबर मोठी होऊन खाली यायची. त्यातच एक संकराची जात असे. अंग कटल्यासारखं रुंद, डोकं रोहूसारखं लहान. मत्स्यबीज केंद्रांत दोन्हींची पैदास एकत्र होते, त्यातून ही आली. पायऱ्यांवरची माणसं तिला ‘कलप्पु’ म्हणत, म्हणजे मिसळलेली. मामांचा जीव या कलप्पुवर. “आपणासारखीच गे ही,” ते मला म्हणाले होते. “कोठली तें पुसूं नको. पाणी मानवलें, वाढली.”

खाल्ल्यावर माझं नाक आपोआप खाली आलं. आत्या मासा जाड्या मिठानं आणि चिंचेच्या कोळानं घासत, पोटातलं काळं पातळ कातडं नखानं खरवडून काढत. तिथेच चिखलाचा सगळा वास असतो. मग मातीच्या भांड्यात तिळाचं तेल, मेथीचे चार दाणे, अख्खे छोटे कांदे, दाट चिंच, धणे-मिरचीचं वाटण. आणि हे सगळं चव न घेता. आत्या मासे खात नसत. प्रताप लहानपणी मोठ्या तापातून उठला तेव्हा त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि ताटातून मासळी काढून टाकली. पापनाशमच्या माहेरी मासळीसाठी भावंडांशी भांडणारी ही बाई. मीठ बेताचं आहे की नाही हे त्या वाफेवरून ओळखायच्या. भांड्यावरचं झाकण काढून, डोळे मिटून एकदा वाकायच्या, आणि “पुरे” म्हणायच्या. कधी चुकलं नाही.

त्यांना मामांचं गळ टाकणं आवडत नसे. त्या नदीवर कधी जात नसत. मामा घरी आले की पाटावर बसून सगळी हकिकत सांगायचे. कोणता मासा कसा आला, कसा सुटला, दोरीवरचा तरंगा कसा बुडाला आणि आपण कसा धीर धरला. आत्या पाठ करून डोसे घालत राहायच्या. ऐकत आहेत असं वाटायचं नाही.

त्या वर्षी आषाढ उजाडला तरी पाणी नव्हतं. नदीत वाळू, वाळूत खड्डे, खड्ड्यांत बगळे. अशाच एका सकाळी मामा पापनाशमच्या गाडीसाठी चपला घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंडाची एक बाजू ओघळली. जिभेवरचे शब्द लोळागोळा झाले. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांची खाट बाहेरच्या ओट्यावर टाकली, गल्ली दिसेल अशी. व्यायाम शिकवणारी बाई येऊन जायची. औषधं वेळेवर होती. फक्त एक गोष्ट होत नव्हती. मामा जेवत नव्हते.

गिळता येत नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, घट्टसर, मऊ काहीही द्या, फक्त बसवून आणि सावकाश. पण चमचा जवळ आला की मामा मान भिंतीकडे वळवत. दुसऱ्यानं भरवलेलं त्यांना नको होतं, आणि डाव्या हातानं अन्नाला शिवणं तर त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. कांजीचा वाडगा थंड होऊन त्यावर साय धरायची. गालांची हाडं दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

प्रतापनं बाजारातून ताजा विराल मासा आणला, आजाऱ्याला बळ देतो म्हणून. मामांनी ओठ उघडले नाहीत. नागपट्टणहून समुद्राची मासळी मागवली; तीच गत. बशीरभाई हे मामांचे नदीवरचे सोबती, पलीकडच्या रस्त्याला त्यांचं शिवणकामाचं दुकान. तोवर नदीत पाणी आलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः पकडलेला रोहू केळीच्या पानात गुंडाळून आणला. मी त्याचे काटे एकेक करून काढले, मऊ भातात कालवला. मामांनी बशीरभाईंकडे पाहून एक घास घेतला. दुसऱ्या घासाला त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि मान वळली.

बशीरभाई गेल्यावर आत्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसल्या. मग मला म्हणाल्या, “तेंस मासळी नको गे.”

“मग काय हवंय त्यांना?”

“रोज येऊन सांगत होते कीं नाहीं, नदीवर काय काय जालें तें? तें गेलें. घरांत आतां कोणी नदीवरून येत नाहीं.” त्यांनी खाटेकडे पाहिलं. “कोणी तरी जाऊन यायला पाहिजे.”

मला वाटलं, प्रतापला पाठवायचं म्हणताहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो त्या मागच्या पडवीत, आढ्याला लावलेली मामांची काठी उतरवत होत्या.

कुंभकोणमसारख्या गावात साठी ओलांडलेली, गळ्यात माळ असलेली बाई नदीकाठी गळ टाकून बसते, हे दृश्य काय असेल ते सांगायला नको. पायऱ्यांवरचे सगळे पुरुष एकदम गप्प झाले. मी छत्री धरून मागे उभी. बशीरभाई मात्र उठले, स्वतःचं फडकं झटकून पायरी पुसली आणि तमिळमध्ये म्हणाले, “या अम्मा. ही त्यांचीच जागा. इथे खाली पाणी खोल आहे.”

त्या दिवशी काही मिळालं नाही. त्यानंतरचे कित्येक दिवसही नाही. दोरी पायरीच्या फटीत अडकायची, गळ पदरात रुतायचा, आमिष पाण्यात पडताच विरघळून जायचं. पण संध्याकाळी घरी आल्या की आत्या पाय धुऊन खाटेपाशी बसायच्या, कांजीचा वाडगा मांडीवर घ्यायच्या आणि सांगायला लागायच्या.

मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “आज काय जालें ऐका. मी काठी टाकून बसल्यें. बशीर म्हणाला, आत्तां ओढा. मी ओढिली. तर काय आलें वर? चप्पल! कोणाची ती, रबरी. बशीर म्हणाला, अम्मा, दुसरा पाय येईपर्यंत उठूं नका.” मामांची मान हळूच भिंतीवरून वळली. चमचा ओठाशी गेला. ऐकता ऐकता तो आत गेला.

कधी पाणकावळा कसा बुडून भलतीकडेच वर आला ते. कधी पलीकडच्या काठाला म्हशीनं कुणाची तरी लुंगी कशी पळवली ते. एखादा दिवस अगदीच कोरडा गेला तर पाण्याचा रंग सांगायच्या. सकाळी चहासारखा होता, दुपारी ताकासारखा जाला. तेवढ्यावरही अर्धा वाडगा संपायचा. नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी दाराआड उभी राहून ऐकायची. हकिकत कशी सांगावी, कुठे थांबावं, तरंगा बुडतो तिथे आवाज कसा खाली न्यावा, हे सगळं त्यांना येत होतं. इतकी वर्षं डोसे घालताना त्या पाठमोऱ्या सगळं ऐकतच होत्या.

पहिला मासा आला तो तळहाताएवढा. जिलेबी. या जातीला इथे सगळे जिलेबीच म्हणतात. का ते कुणाला विचारू नये. आत्यांनी तो मारला नाही. पितळी भांड्यात नदीचं पाणी घेऊन त्यात घातला, आणि पदर खोचून भर गल्लीतून पाणी हिंदकळत घरी आणला. खाटेशी आल्या, मामांचा डावा हात धरला आणि मनगटापर्यंत भांड्यात बुडवला.

मासा एकदा फिरला, दोनदा फिरला. मामांची बोटं पाण्यात हळूहळू उघडली. अंगठा माशाच्या पाठीवरून शेपटीपर्यंत गेला. अर्ध्या चेहऱ्यानं जेवढं हसता येतं तेवढं ते हसले.

मग आमची तिघांची कामांची वाटणी झाली. आत्या पकडायच्या आणि रांधायच्या. मी काटे काढायची. कोकणात जन्मले तेव्हा एवढी एक विद्या बोटांत आलेलीच होती. गोड्या पाण्यातल्या माशाचे पाठीकडचे काटे फार कपटी, केसासारखे बारीक आणि टोकाला दुभंगलेले. मी पोटाकडचा भाग तेवढा घ्यायची, तिथे काटा मोठा असतो, हाताला लागतो. पांढऱ्या थाळीत पाकळी पाकळी सोडवून, उजेडाशी धरून पाहायची. मामांच्या घशाचा प्रश्न होता. एक काटा चुकला असता तर सगळंच संपलं असतं. त्या मोसमात मी माशाच्या अंगाकडे जितकं निरखून पाहिलं तितकं कधी कुणाच्या चेहऱ्याकडेही पाहिलं नसेल. त्या पाकळ्यांत एक सुरेख गुलाबी झाक असायची. वेंगुर्ल्याच्या मासळीला खारेपणाचं तेज असतं. याला सावलीचा थंडावा होता. शेंगदाणा, ओली माती आणि किंचित दुधाची चव. मी चाखून बघायची ती काट्यासाठी, पण खोटं कशाला बोलू, हळूहळू त्या चवीसाठीच.

आणि मामांकडे काम आलं ते आमिषाचं. शेंगदाण्याची पेंड, भाजलेला तांदळाचा कोंडा, चिमूटभर हिंग. आत्या मळायच्या, मामा डाव्या हाताच्या बोटांत गोळी धरून बघायचे. पसंत नसलं की घशातून आवाज काढायचे. एके दिवशी त्यांनी गोळी चेपली, आत्यांकडे रागानं पाहिलं आणि म्हणाले, “सैल.”

शब्द अगदी स्वच्छ आला. आत्यांनी गोळा परत परातीत टाकला. “आतां बोलूं लागले तों खोडीच काढितात,” म्हणाल्या आणि कोंडा घालून पुन्हा मळायला बसल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

या सगळ्यात आत्यांची एकादशी चुकली नव्हती. दर एकादशीला त्या बसनं गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला जात. मी एकदा सोबत गेले होते. टाळ घेताना शेजारची एक बाई, आत्यांच्याच वयाची, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “गळ्यांत माळ आणि हातांत गळ. बरें दिसतें का हें?”

आत्यांनी टाळ खाली ठेवला. “देवास सांगून आल्यें आहें,” त्या म्हणाल्या.

“देवानें हो म्हटलें वाटतें?”

“विचारिलें नव्हे. सांगितलें.”

आणि त्या उठल्या. मला वाटलं, रागानं निघाल्या. पण त्या मंडपाच्या बाहेर, जिथे लोक चपला काढतात, तिथे जाऊन बसल्या आणि तिथून भजनाला साथ देऊ लागल्या. आवाज तोच, ताल तोच. परतताना बसमध्ये मी विचारलं, “त्या बाईंचं एवढं मनाला लावून घेतलंत?”

“तिचें काय गे. मी मारीत्यें ना रोज जीव? मग आंत कोणत्या तोंडानें बसूं? तेंस जगवायचें आहे म्हणून मारीत्यें. पण मारीत्यें. हा मोसम बाहेर बसेन.”

त्यांनी स्वतःचा न्याय स्वतःच केला होता, आणि त्याची शिक्षाही स्वतःच भोगत होत्या. तक्रार नाही, समर्थन नाही. खिडकीबाहेर भाताची हिरवी रोपं पाण्यात उभी होती आणि आत्या तिकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे.

पुरट्टासी महिना लागला. या महिन्यात तमिळ मुलखात घरोघरी मांसमासळी बंद असते. आत्यांनी मासळीसाठी मागच्या अंगणात तीन विटांची वेगळी चूल मांडली. नदीवर गर्दी ओसरली. बशीरभाई आणि आत्या असे दोघेच. पाणी शांत, हिरवट, भरलेलं. अशाच एका दुपारी मी नेहमीसारखी छत्री धरून मागे बसले होते. तरंगा थरथरला नाही, डुलला नाही. सरळ खाली गेला, कुणी बोट धरून नेल्यासारखा.

आत्यांनी काठी उचलली आणि काठीच अर्धी वाकली. दोरीनं पाण्यावर सूं असा आवाज केला. त्या एक पायरी खाली ओढल्या गेल्या, मग आणखी एक. मी छत्री टाकून त्यांची कंबर धरली.

“अम्मा, काठी माझ्याकडे द्या!” बशीरभाई ओरडले. “कलप्पु आहे, मोठी आहे, दोरीनं हात कापेल!”

“नको,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही पाण्यात उतरा.”

त्यांनी पदराचं टोक तळहाताला गुंडाळलं आणि दोरी त्यावरून धरली. मासा प्रवाहात जायचा, त्या जाऊ द्यायच्या. थकून वळायचा, त्या हात हात दोरी आत घ्यायच्या. घाई नाही. जात्यावर बसल्यासारखी एक लय. गुडघे पाण्यात, मग मांड्या. बशीरभाई छातीएवढ्या पाण्यात उभे, खांद्यावरचं फडकं दोन्ही हातांत पसरून. एकदा पाण्याखाली रुंद रुपेरी काहीतरी उलटलं आणि पुन्हा दिसेनासं झालं. शेवटी ते वर आलं, तोंड उघडं ठेवून, आडवं. बशीरभाईंनी फडक्यात घेतलं आणि पायऱ्यांवर लोटलं.

आत्या मटकन खाली बसल्या. लुगडं चिंब, पदराला रक्त. तांबूस कडांचे मोठे मोठे खवले उन्हात चमकत होते. अंग कटल्याचं, डोकं रोहूचं. आत्यांनी त्याच्या अंगावर हात ठेवला, देवाचं नाव पुटपुटल्या, आणि मग एकदम मोठ्यानं हसल्या. पोटातून, लहान मुलीसारखं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं हसताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

त्या संध्याकाळची हकिकत लांबली. आत्या हातांनी मासा दाखवू लागल्या. एक हात खाटेच्या या कडेला, दुसरा त्या कडेला. मामांनी ऐकता ऐकता डावा हात उचलला, त्यांचा एक तळवा धरला आणि बराच आत सरकवला. बशीरभाई दारात बसून हसत सुटले.

मी थाळी आणली. काटे काढलेला मासा, मऊ भात, वरून दाट लालसर कालवण. चमचा उचलला तसा मामांनी तो बाजूला केला. पुन्हा तेच का? पण त्यांनी थाळी स्वतःकडे ओढली. क्षणभर डाव्या हाताकडे बघत राहिले. मग त्याच हातानं भात चिवडला, घास केला आणि तोंडात घातला. हनुवटीवर कालवण सांडलं. कुणी पुसलं नाही. दुसरा घास. तिसऱ्या घासाला ते थांबले, जीभ तोंडात फिरवली, दोन बोटं घालून काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. केसासारखा बारीक, दुभंगलेला एक काटा. माझ्या नजरेतून सुटलेला.

मामांच्या डोळ्यांत विजय होता. “कां-टा,” ते म्हणाले, एकेक अक्षर जुळवत. “तुझा… सुट-ला.”

त्या दिवसानंतर त्यांना कुणी भरवलं नाही.

पुढे आइप्पसी महिन्याचा पाऊस आला, नदी गढूळ झाली, गळ आढ्याला गेला. पाऊस ओसरल्यावर पुन्हा उतरला. तोवर मामा काठी टेकत, प्रतापचा खांदा धरत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले होते. पोंगल झाला. आता वरचं पाणी बंद होणार, मोसम संपणार, असे दिवस. एका दुपारी ते पायऱ्यांवर आले. बशीरभाईंनी पायरी पुसली. आत्यांनी गळाला आमिष लावलं, पाण्यात टाकलं आणि काठी मामांच्या डाव्या हातात दिली. ती त्यांना नीट धरता येते आहे हे बघितलं. मग उठल्या, हात धुतले, छत्री घेतली आणि घरी गेल्या.

त्यानंतर आत्यांनी गळाला हात लावलेला नाही. पुढच्याच एकादशीला त्या गोविंदपुरमला मंडपाच्या आत बसल्या. आमिष अजूनही त्याच मळून देतात. संध्याकाळी मामा तुटक्या तुटक्या शब्दांत हकिकत सांगतात, आणि आत्या तव्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या.

हे सगळं काल पुन्हा आठवलं. पाणी आल्याचं कळताच बशीरभाई मामांना घेऊन गेले. त्या नव्या पाण्यात मासा थोडाच मिळणार आहे? पण दोघं जाऊन बसले. मी पायऱ्यांवरून परत आले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात चिंच कोळत होत्या. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघून गेलं.

“आत्या, तुम्ही नंतर कधीच गेला नाहीत. मामांच्या शेजारी बसला असतात. तुम्हाला ते आवडत नव्हतं का हो?”

आत्यांनी चिंचेचा चोथा पिळला. एकदा, पुन्हा एकदा.

“तेंस जगवायचें होतें तोंवर ठीक होतें,” त्या म्हणाल्या. “मग एक दिवस तरंगा बुडाला आणि माझ्या मनांत तेही नव्हते, देवही नव्हता. कोणीच नव्हतें. हातांत ती ओढ, बस्स.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लाजल्यासारख्या हसल्या. “आवडूं लागलें होतें गे. म्हणूनच सोडिलें.”